चौदा बेअरिंगचं रीळ

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते. पहिली, मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे या लेखात जिथे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे तिथे श्रेय संपादक मंडळाचं आणि जिथे चुकलंय तिथे माझं. दुसरी कबुली अशी की लेखाचा विषय ऐकून माझी रूममेट पाच मिनिटं हसत होती. "मासे पकडायच्या रिळावर? मॅगझीनमध्ये? अगं, 'स्त्री आणि तंत्रज्ञान' असं काहीतरी लिही की! मेकॅनिकलला तुम्ही वर्गात पाचच मुली, सरांना आवडेल."

सरांना आवडेल ते सर लिहितील. मला आवडतं ते मी लिहितेय.

तर विषय आहे रीळ. शिलाई मशीनचं नाही, सिनेमाचं नाही, आणि तुम्ही रात्री दोनपर्यंत मोबाईलवर बघता तेही नाही. मासे पकडायच्या काठीला लावतात ते. नदीतल्या बार्बल नावाच्या माशासाठी भरवशाचं रीळ कसं निवडावं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. ते मत बनताना एका माशाचं नुकसान झालंय, आणि ते माझ्या हातून झालंय. म्हणून लिहायचं.

माझे काका-काकू इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतात. आमचं घर मूळचं चिपळूणकडचं. काका लहानपणी वाशिष्ठीच्या काठावर गरवत वाढले. गरी, म्हणजे गळ, टाकून मासे पकडणं म्हणजे गरवणं. हा कोकणातला शब्द मला, पुण्यात वाढलेल्या मुलीला, नॉटिंगहॅममध्ये जाऊन कळला! २०२४ साली परीक्षा संपल्यावर मी पाच आठवडे त्यांच्याकडे गेले होते. शहराला लागूनच ट्रेंट नदी वाहते. इंग्लंडमधल्या नद्यांत या मासेमारीला १५ मार्च ते १५ जून बंदी असते आणि १६ जूनला ती उठते. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीच्या माशांचं जे कौतुक, तेच तिकडे सोळा जूनचं. काकांनी माझा परवाना आधीच काढून ठेवला होता.

आता या बार्बलविषयी थोडं सांगते. तोंडाशी चार मिशा असतात, त्यावरूनच नाव पडलं. लॅटिनमध्ये बार्बा म्हणजे दाढी. अंग लांब आणि गोलसर, पोट सपाट, पंख मोठे. नदीच्या तळाशी, खडीवर, जोराच्या धारेत तोंड करून तो उभा असतो आणि तळावरचं टिपून खातो. दोन-तीन किलोचे सहज मिळतात. दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोच्या पुढचा मिळाला तर लोक फोटो काढून घरी लावतात. त्याची अंडी विषारी असतात, खाल्ली तर उलट्या-जुलाब. पण तिकडे तो कोणी खातच नाही. पकडायचा, बघायचा, परत सोडायचा.

याची खासियत म्हणजे घास. बाकीचे मासे चाचपून बघतात, काठीचं टोक थरथरतं, मग आपण सावध होतो. बार्बल तसलं काही करत नाही. काठी शांत असते आणि पुढच्या क्षणाला टोक एकदम तीन फूट वाकतं. टेकणावर ठेवलेली काठी रिळासकट नदीत गेल्याच्या गोष्टी तिथे प्रत्येकाकडे आहेत. म्हणून बार्बलसाठी बरेच जण 'फ्री स्पूल'चं रीळ वापरतात. त्याला मागे एक खटका असतो. तो टाकला की मासा पळाला तर दोरी अगदी हलक्या ताणावर सुटत राहते. आपण काठी उचलून हँडल फिरवलं की 'टक्' आवाज होतो आणि मुख्य ब्रेक लागू होतो. या मुख्य ब्रेकला ड्रॅग म्हणतात.

ज्यांनी संक्रांतीला पतंग उडवलाय त्यांना ड्रॅग वेगळा शिकवावा लागत नाही. पतंग ओढ घ्यायला लागला की आपण मांजा धरून ठेवत नाही, बोटांमधून ढील देतो. धरून ठेवला तर तुटतो, एकदम सोडला तर गुंता. त्या बोटांचं काम रिळात चकत्यांची एक चळत करते. स्पूलमध्ये एक धातूची चकती, एक फेल्टची किंवा कार्बन फायबरची, पुन्हा धातूची, अशा. वरच्या गुंडीने त्या किती दाबायच्या ते ठरवायचं. ठरवल्यापेक्षा जास्त ओढ आली की चकत्या घसरतात आणि दोरी सुटते. आपण ब्रेक-क्लचच्या चॅप्टरमध्ये शिकतो तो मल्टिप्लेट क्लच तो हाच.

तर खरेदीची गोष्ट. काकांच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांनी सगळं आयुष्य सायकलच्या कारखान्यात लेथवर काढलं. नॉटिंगहॅमचे लोक लाडाने कोणालाही 'डक' म्हणतात, तशी मीही पहिल्या दिवसापासून त्यांची डक, म्हणजे बदक, झाले. मला रीळ घ्यायचंय म्हटल्यावर त्यांनी एक साधं, काळं, जाडजूड रीळ सुचवलं. डब्यावर लिहिलं होतं : चार बेअरिंग. मी मनात म्हटलं, चार? तेवढ्याच पैशांत, पन्नास पौंडांच्या आसपास, शेजारच्या खणात एक निळं-सोनेरी, चकचकीत, वजनाला हलकं रीळ होतं. त्यावर चौदा बेअरिंग! शिवाय गिअर रेशो ६.२. आजोबांच्या रिळाचा ५. दुकानात हँडल फिरवून पाहिलं तर लोण्यासारखं फिरत होतं. मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. आकडे वाचता येतात मला. चौदा घेतलं.

आजोबा काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझी काठी, तुझं रीळ."

सोळा जूनला आम्ही गेलो. मला दोन छोटे मासे मिळाले आणि मी घरी फोटो पाठवले. नंतर आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं, आम्ही गेलो नाही. रीळ कोपऱ्यात तसंच उभं होतं, ड्रॅग आवळलेला. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी पुन्हा गेलो. तिकडे तेव्हा साडेनऊपर्यंत उजेड असतो. आजोबांनी मला दोरीची जुळणी करून दिली होती. दोरीत खाद्याचा पिंजरा ओवलेला, त्याला शिसं लावलेलं, वजन ऐंशी ग्रॅम. पिंजरा दोरीवर मोकळा सरकतो. खाली एक फिरती कडी, तिथून पुढे गळ. पण मी दोन दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते. त्यातला एक जण सांगत होता की पिंजऱ्याच्या वर रबराचा अडथळा बसवला तर मासा वजनावर आपटून आपोआप अडकतो. मी आजोबांना न विचारता एकाऐवजी दोन अडथळे बसवले, आणि घट्ट बसवले.

नऊच्या सुमाराला काठी वाकली. फ्री स्पूल सुटलं, दोरी किरकिरत जायला लागली. मी काठी उचलली, हँडल फिरवलं, 'टक्' झालं आणि मुख्य ड्रॅग लागला. लागला म्हणजे, लागला तो सुटेचना. एक क्षणभर सगळं दगडासारखं घट्ट झालं आणि दोरी तुटली. बंदुकीसारखा आवाज होतो तिचा. सगळं मिळून दोन सेकंद.

मला वाटलं आजोबा विचारतील, केवढा होता? काका तेच विचारत होते. आजोबांनी माझी तुटकी दोरी हातात घेतली, टोक बघितलं आणि विचारलं, "पिंजरा सुटला असेल ना?"

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. पिंजरा मोकळा असता तर दोरी तुटल्यावर तो तुटक्या टोकावरून निसटून गेला असता. माशाच्या तोंडात फक्त गळ आणि हातभर दोरी उरली असती, तीही वाईटच, पण ती घेऊन तो जगू शकतो. माझे दोन घट्ट अडथळे तसेच होते. म्हणजे तो मासा ऐंशी ग्रॅमचं शिसं ओढत तळावरून गेला होता. तिथे खडी आहे, बुडालेल्या झाडांची मुळं आहेत. कुठेही अडकला की तो जागेवर बांधला गेला. मी हे रडत रडत सांगितलं. आजोबा म्हणाले, "आता काही करता येणार नाही, डक." तरीही दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी ते आणि मी धारेच्या खालच्या अंगाला दीड-दोन मैल चालत गेलो, पाण्यात बघत. नाही सापडला.

मग आजोबांच्या शेडमध्ये आम्ही रीळ उघडलं. मला खरं तर कंपनीवर राग काढायचा होता. पण निघालं ते असं : फेल्टच्या चकत्या दहा दिवस आवळलेल्या राहिल्यामुळे दबून पातळ झाल्या होत्या आणि त्यांच्यातलं ग्रीस चिकट होऊन धातूला धरून बसलं होतं. एकदा हाताने जोर लावून सुटल्यावर स्पूल व्यवस्थित फिरत होतं. म्हणजे पहिल्या झटक्यालाच काय ती अडचण. आजोबांनी विचारलं, "घरी आल्यावर ड्रॅग ढिला केला नव्हतास?"

नव्हता केला. आणि गंमत बघा, फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब झाला की मामा रोज ओरडायचे, "ताई, व्हाइस आवळून जाऊ नका! ढिला करून जायचं!" दोन सेमिस्टर ऐकलं, एकदाही कारण विचारलं नाही. जर्नल मात्र वेळेत सबमिट केलं.

आता माझं मत. मला असं वाटतं की आपण वस्तू निवडताना दुकानात हातात कशी लागते त्यावरून निवडतो आणि डब्यावरचा मोठा आकडा बघून खूश होतो. बार्बलचं रीळ निवडायचं ते दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून, माशाकडून. तिकडच्याला चौदा बेअरिंगशी काही देणंघेणं नाही. त्याच्यासाठी एकच प्रश्न : मी झटका मारला की हे सुटणार की अडणार? आणि अडलंच, तर माझं काय होणार?

हे जरा आकड्यांत सांगते, इंजिनिअरिंग कॉलेजचं मॅगझीन आहे शेवटी. ट्रेंटवर साधारण दहा-बारा पौंड ताण सोसणारी दोरी लावतात. दहाची धरू, म्हणजे साडेचार किलो. गाठीमुळे त्यातला काही भाग आधीच गेला. ड्रॅग ठेवायचा दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला, समजा तीन पौंड. पण हे तीन पौंड म्हणजे चकत्या घसरायला लागल्यानंतरचा ताण. थांबलेल्या चकत्या हलवायला लागतो तो त्याहून जास्त. एकाला स्थितिक घर्षण म्हणतात आणि दुसऱ्याला गतिज (हे शब्द संपादकांनी दिले, माझ्या डोक्यात 'म्यू एस' आणि 'म्यू के'च आहे). चांगल्या ड्रॅगमध्ये या दोन्हीतला फरक अगदी थोडा असतो. खराब किंवा चिकटलेल्या ड्रॅगमध्ये तो दुप्पट-तिप्पट होतो. तीनचे नऊ झाले, वर काठीच्या कड्यांमधलं घर्षण, वर धावत्या माशाचा झटका; दहाची दोरी कुठून टिकणार? आणि फ्री स्पूलच्या रिळात तर हा धक्का आणखी वाईट. मासा जवळजवळ शून्य ताणावर वेग घेतो आणि आपण हँडल फिरवून एका क्षणात त्याला मुख्य ड्रॅगच्या हवाली करतो.

पुस्तकात आणखी एक मुद्दा असतो. दोरी सुटत गेली की स्पूलवरच्या गुंडाळीची त्रिज्या कमी होते, टॉर्क तेवढाच राहतो, म्हणून ताण वाढतो. सव्वीस मिलिमीटरची त्रिज्या वीस झाली तर ताण तीस टक्के वाढतो. बरोबर आहे, पण समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी. बार्बल काही शंभर मीटर पळत नाही, तळाला चिकटून धारेत जोर लावतो. त्याच्यासाठी शेवट महत्त्वाचा नाही, सुरुवात महत्त्वाची.

बेअरिंग नकोतच असं मी म्हणत नाही. मोठ्या गिअरच्या दोन बाजूंना दोन, पिनिअनला एक, आणि दोरी ज्या छोट्या चाकावरून वळते तिथे एक, हे चार कामाचे. आजोबांच्या 'फक्त चार'चा हिशोब आता लागला? माझ्या चौदांतले कितीतरी हँडलच्या मुठीत आणि अशाच ठिकाणी होते. दुकानात ते लोण्यासारखं फिरत होतं ते त्यामुळे. नदीवरची माती आणि पाणी गेलं की उघडे बेअरिंग गंजतात, तिथे साधं बुशच बरं. आणि ते दोरीचं छोटं चाक मात्र विसरू नका. ते अडकलं तर दोरी एकाच जागी घासत राहते, त्यात खाच पडते, दोरीला पीळ बसतो. एवढासा भाग, सगळ्यांत शेवटी बघतात, आणि दोरी कमजोर करतो तो तोच.

गिअर रेशोचंही तसंच. पाच रेशो आणि बावन्न मिलिमीटरचा स्पूल धरला तर हँडलच्या एका फेरीत साधारण ८२ सेंटिमीटर दोरी गोळा होते. तेवढी पुरते. हँडलचा हात पासष्ट मिलिमीटरचा असेल तर दोरीवरच्या तीन पौंडांसाठी हाताला सहा पौंड लावावे लागतात, ६.२ला जवळपास साडेसात, आणि गिअरमधलं घर्षण वेगळंच. जास्त वेग म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. मुळात रीळ मासा ओढायला नसतंच. ओढायचं काठीने; काठी वर घ्यायची, मग खाली नेताना मोकळी झालेली दोरी रिळाने गुंडाळायची. जे लोक हँडल गरगर फिरवत मासा खेचतात त्यांचे गिअर एका सीझनमध्ये खडखडायला लागतात आणि मग ते कंपनीला शिव्या देतात.

मग दुकानात नेमकं करायचं काय? स्पूल आणि रोटर हाताने हलवून बघा, डुगडुगतंय का. हँडल एका दिशेला रोखून मागे किती सैल जातं ते बघा. दोरी घेऊन जा, ड्रॅग मध्यम ठेवा आणि हळूहळू ओढा. स्पूल सरकत सुरू झाला पाहिजे, उडी मारून नाही. डब्यात सुट्या भागांचं चित्र आहे का बघा, आपण ज्याला एक्स्प्लोडेड व्ह्यू म्हणतो ते. ते असेल आणि चकत्या सुट्या विकत मिळत असतील, तर ते रीळ उघडण्यासाठी बनवलंय. नसेल तर ते फेकण्यासाठी बनवलंय. कार्बनच्या चकत्या फेल्टपेक्षा कमी दबतात, मिळाल्या तर त्या घ्या. पण फेल्टच्याही चालतात, सांभाळल्या तर.

घरी आणल्यावर एक प्रयोग, हा हॉस्टेलवरही करता येईल. पाण्याची रिकामी बाटली घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाट्याची गरज नाही. दीड लिटरच्या बाटलीत वरून थोडी जागा सोडून पाणी भरा, झाले आपले तीन पौंड. बाटली दोरीला बांधा आणि ती संथपणे खाली येईल एवढा ड्रॅग लावा. मग बाटली टेबलावर टेकवून ठेवा आणि तासाभराने, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, अलगद सोडा. आपोआप खाली यायला लागली तर रीळ ठीक. लटकून राहिली आणि टिचकी मारल्यावर एकदम घसरली, तर समजा, नदीवर तुमची दोरी तुटणार आहे. या एका बाटलीने जे कळतं ते डब्यावरच्या चौदा आकड्याने कळत नाही. मी हे १५ जूनला केलं असतं तर?

आजोबा स्वतः काय वापरतात? सेंटरपिन. म्हणजे एका पिनवर फिरणारं एक मोठं चाक, बस्स. गिअर नाही, ड्रॅग नाही, ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेवरचा अंगठा. थोडक्यात आपली फिरकी! या जातीची लाकडी रिळं नॉटिंगहॅममध्येच बनायची आणि जगभर 'नॉटिंगहॅम रीळ' म्हणूनच ओळखली जायची. स्पूल स्थिर ठेवून दोरी त्याच्या टोकावरून सुटू द्यायची, ही आजच्या रिळाची कल्पना नंतरची. ब्रॅडफर्डच्या लोकरधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या माणसाने १९०५ साली तशा रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिनवरून सूत उलगडतं तसंच हे. एका शाखेतली कल्पना दुसऱ्या शाखेत अशी जाते, टेक्सटाइलवाल्यांनी कॉलर ताठ करावी. सेंटरपिनचा ड्रॅग कधीच चिकटत नाही, कारण तो आपलाच अंगठा असतो. पण नवशिक्याने ते घेऊ नये असं माझं मत. दूर फेकता येत नाही, आणि अंगठा शिकेपर्यंत चार मासे तुटतील. शिकायची किंमत माशाने का द्यावी?

इथे माझी रूममेट म्हणेल (ती शाकाहारी आहे), "मग पकडताच कशाला? खायचा नाही, विकायचा नाही, नुसता त्रास." हा प्रश्न मी टाळत नाही. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढं सांगू शकते की तिथल्या नदीची काळजी करणाऱ्यांत गळवाले पुढे असतात. ट्रेंटला मिळणारी डर्वेंट नदी आहे. डर्बीच्या एका मासेमारी क्लबने तिच्या प्रदूषणाविरुद्ध कोर्टात दावा लावला, एक मोठा कारखाना, शहराची महापालिका आणि वीज मंडळ या तिघांवर. अपील कोर्टातही १९५२-५३ साली क्लबच जिंकला. नदीत गळ टाकणाऱ्याला नदी मेलेली लगेच कळते. पण म्हणून माझा तो मासा माफ होत नाही. गळ हातात घेतला की जबाबदारी आलीच, आणि ती नदीवर पोचल्यावर सुरू होत नाही, दुकानात रीळ उचलतानाच सुरू होते. दमलेला बार्बल तसाच फेकून दिला तर उलटा होऊन मरू शकतो. उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्याला दोन्ही हातांनी धारेकडे तोंड करून धरावं लागतं, तो स्वतः निघून जाईपर्यंत. पुढे मला एक मिळाला तेव्हा मी त्याला दहा मिनिटं धरून पाण्यात उभी होते. पाय बधिर झाले होते. तो शेपटी मारून गेला तेव्हा आजोबा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

आणि हा मासा आपल्याला अगदीच परका नाही. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली आपल्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं 'बार्बस खुद्री', म्हणजे बार्बलच्याच कुळात घातलं. आज शास्त्रज्ञ त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात, आपण महसीर म्हणतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून धरणांत, नद्यांत सोडली गेली. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडात हे मासे देवाचे म्हणून कोणी पकडतच नाही. मी पुण्यात वीस वर्षं राहिले, मुठेच्या पुलावरून हजारदा गेले, आणि या माशाचं नाव मला ट्रेंटच्या काठावर कळलं. कॉन्व्हेंटला तरी किती दोष देणार!

ते निळं-सोनेरी रीळ मी फेकलं नाही. आजोबांनी आणि मी त्यात नव्या चकत्या बसवल्या, योग्य ते ग्रीस लावलं, बाटलीचा प्रयोग केला. पहिल्यांदा नापास झालं. ग्रीस पुसून पुन्हा थोडं लावलं, मग पास. ते आता काकांकडे असतं. रविवारी फोन झाला की काका शेवटी न विचारता सांगतात, "ढिलं करून ठेवलंय गं बाई."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, रीळ घ्या, सायकल घ्या, नाहीतर रूमसाठी हीटर घ्या. दुकानदाराला 'किती आहेत' हे विचारण्याआधी विचारा की हे बिघडतं कसं, आणि बिघडलं तर कोणाला लागतं. उद्या आपणच असल्या वस्तू डिझाइन करणार आहोत, तेव्हा कोणीतरी आपल्यालाही हेच विचारेल. आणि वर्कशॉपमध्ये गेलात तर निघताना व्हाइस ढिला करा. मामा उगाच ओरडत नाहीत.

— टी. ई. (मेकॅनिकल), मुलींचं वसतिगृह